तिघांची नौका, एकाचे नाव

भागीदारी मोडते ती तोट्यामुळे, असा आपल्याकडे सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात अनेकदा उलटेच दिसते. तोट्याच्या दिवसांत भागीदार एकमेकांना धरून राहतात, कारण सोडून जाण्यात कोणाचाच फायदा नसतो. धंदा चालू लागला, गिऱ्हाईक नाव घेऊ लागले, की मग कुरबुर सुरू होते. "हे माझ्यामुळे झाले" असे प्रत्येकाला वाटू लागते, आणि प्रत्येकाचे थोडेथोडे खरेही असते.

या वेळी आम्ही वाचकांसमोर एक असे उदाहरण ठेवत आहोत की ज्यात पैसा बुडाला नाही, माल खराब निघाला नाही, गिऱ्हाईक फिरले नाही. उलट जगात नाव झाले. तरीही ते नाव मिळवून देणारी माणसे एकत्र राहिली नाहीत. हे उदाहरण अमेरिकेतील सिअ‍ॅटल शहरातील आहे आणि ते आहे पाण्यावरच्या शर्यतीच्या नौकेचे. विषय आपल्या बाजारापासून दूरचा वाटेल. पण त्यातली माणसे आपल्या रोजच्या ओळखीची आहेत. एक व्यापारी, एक कल्पक मिस्त्री आणि एक कसबी कारागीर.

व्यापारी, मिस्त्री आणि कारागीर

स्टॅन्ली सेयर्स हे सिअ‍ॅटलमधील मोटारींचे व्यापारी होते. क्रायस्लर कंपनीच्या गाड्या ते विकत. वेगवान नौकांचा त्यांना जुना शौक होता. आपल्या नौकांना ते 'स्लो-मो-शन' असे नाव देत. 'संथ गती' या अर्थाच्या इंग्रजी शब्दावर केलेली ती थट्टा होती, कारण नौका संथ मुळीच नव्हत्या.

टेड जोन्स हे बोइंग या विमान कारखान्यात नोकरी करत. त्यांच्याजवळ इंजिनिअरिंगची पदवी नव्हती. लहान शर्यती नौका स्वतः बनवायच्या, स्वतः चालवायच्या, कोठे अडते ते पाहायचे आणि पुन्हा बदलायचे, अशा रीतीने त्यांनी ही विद्या मिळवली होती. वर्षानुवर्षांच्या या खटपटीतून त्यांच्या डोक्यात एक कल्पना पक्की झाली होती. ती मोठ्या नौकेवर करून पाहण्याइतका पैसा मात्र त्यांच्याजवळ नव्हता.

अँकर जेन्सन यांचा सिअ‍ॅटलमध्ये पाण्याच्या काठी नौका बांधण्याचा कारखाना होता. तो त्यांच्या वडिलांनी सुरू केलेला. लाकूड कोठे वाकते, कोठे फुटते, कोणता जोड किती धक्के सोसतो, हे ज्ञान त्यांच्या हातात होते.

सेयर्स यांचे भांडवल, जोन्स यांची कल्पना आणि जेन्सन यांचे हात एकत्र आले आणि 'स्लो-मो-शन ४' ही नौका तयार झाली. १९४९ सालाच्या अखेरीस ती पाण्यावर आली.

नवे काय होते?

कारागीर वाचकांना यात रस वाटेल म्हणून आम्ही थोडे तपशिलात सांगतो.

साधी नौका पाणी कापत जाते. वेग वाढवला की पाण्याचा विरोध इतका वाढतो की इंजिनाची ताकद त्यातच खर्च होते. यावर उपाय म्हणजे पाणी कापायचे नाही, पाण्यावरून घसरत जायचे. चपटा खडा तळ्यात नीट फेकला तर तो टप्पे घेत जातो, बुडत नाही, तसेच हे. अशा नौकेला हायड्रोप्लेन म्हणतात. तिच्या पुढच्या भागात डाव्या-उजव्या बाजूंना दोन पायांसारखे भाग असतात. वेगात असताना नौका या दोन पायांवर आणि मागच्या टोकावर, अशा तीन ठिकाणीच पाण्याला टेकते. ही तीन टेकूंची रीत जोन्स यांच्या आधीपासून माहीत होती.

जोन्स यांचे म्हणणे होते की मागचे टोकही पाण्यातून उचलले पाहिजे. मग मागे टेकायचे कशावर? तर फिरत्या पंख्यावर. नौकेला ढकलणारा पंखा पूर्ण पाण्यात बुडालेला असला की त्याचा दांडा आणि दांड्याचा आधार हे सारे पाण्यातून ओढले जाते आणि वेगाला मार बसतो. पंखा अर्धा पाण्यात आणि अर्धा हवेत फिरला, तर ही ओढ बरीच कमी होते आणि तोच पंखा नौकेचे मागचे टोक तोलूनही धरतो. पंख्याचा वरचा अर्धा भाग मोकळा असल्यामुळे नौकेच्या मागे पाण्याचा उंच फवारा उडतो. कोंबड्याच्या शेपटीसारखा दिसतो म्हणून त्याला तसेच नाव पडले.

इंजिन होते अ‍ॅलिसन कंपनीचे बारा सिलिंडरचे, दुसऱ्या महायुद्धातील लढाऊ विमानांसाठी बनवलेले. युद्ध संपले, जेट विमानांचा जमाना आला आणि अशी इंजिने सरकारी शिल्लक मालात निघाली. ज्याला त्यांची नस ठाऊक होती त्याच्यासाठी ती मोठी संधी होती. पंखा मात्र इंजिनापेक्षा पुष्कळ जास्त वेगाने फिरावा लागे. त्यासाठी दोहोंच्या मध्ये फेरे वाढवणारी गिअरपेटी बसवावी लागली.

कागदावर हे सोपे दिसते. प्रत्यक्षात अशी नौका हवेत उलटण्याच्या काठावर धावते. पुढचे टोक जरा जास्त उचलले गेले तर वारा तिला पतंगासारखी उलथवतो. जरा खाली गेले तर पाण्यात घुसते. शिवाय प्रत्येक टप्प्याला लाकडी सांगाड्यावर घणाचा घाव बसावा तसा धक्का बसतो. म्हणून कल्पना कितीही उत्तम असली तरी तिला सोसणारा सांगाडा हवा होता, आणि सांगाडा कितीही मजबूत असला तरी त्याला आकार देणारी कल्पना हवी होती. ही गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी. पुढचा सारा वाद येथेच आहे.

यश

चाचण्या आणि दुरुस्त्या यांत काही महिने गेले. २६ जून १९५० रोजी सिअ‍ॅटलच्या लेक वॉशिंग्टन या सरोवरावर सेयर्स स्वतः सुकाणूवर बसले आणि नौकेने ताशी १६० मैलांहून थोडा जास्त, म्हणजे सुमारे २५८ किलोमीटर वेग गाठला. पाण्यावरील वेगाचा तोपर्यंतचा जागतिक विक्रम इंग्लंडच्या सर माल्कम कॅम्पबेल यांचा होता. १९३९ मध्ये त्यांनी 'ब्लू बर्ड' नौकेतून ताशी १४१.७४ मैल वेग साधला होता. अकरा वर्षे टिकलेला हा विक्रम एका मोटार व्यापाऱ्याच्या नौकेने सुमारे १९ मैलांनी मागे टाकला.

महिनाभरातच, २२ जुलै १९५० रोजी, नौका डेट्रॉइट शहरी गोल्ड कप शर्यतीत उतरली. ही शर्यत १९०४ पासून चालत आलेली, अमेरिकेत सर्वांत मानाची. डेट्रॉइट म्हणजे मोटारींचे आणि इंजिनांचे शहर. या खेळातही त्याचाच दबदबा होता. त्या दिवशी सुकाणू जोन्स यांच्या हाती होते आणि ते जिंकले. त्याच वर्षी हार्म्सवर्थ ट्रॉफी ही आंतरराष्ट्रीय शर्यतही नौकेने जिंकली. तेव्हा लू फेजॉल चालक होते.

त्या काळी रिवाज असा होता की गोल्ड कप जो जिंकेल त्याच्या क्लबने पुढच्या वर्षीची शर्यत आपल्या गावी भरवायची. त्यामुळे १९५१ मध्ये शर्यत सिअ‍ॅटलला आली. सरोवराच्या काठी अफाट गर्दी लोटली. शहरातली पोरे फळीचे तुकडे नौकेच्या आकाराचे कापून, रंगवून, सायकलीच्या मागे दोरीने बांधून गल्लीतून ओढत फिरू लागली. १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे गोल्ड कप सेयर्स यांच्या नौकांनीच जिंकला. तीन वेळा 'स्लो-मो-शन ४' ने आणि दोन वेळा तिच्या मागून बांधलेल्या 'स्लो-मो-शन ५' ने. ७ जुलै १९५२ रोजी सेयर्स यांनी चौथ्या क्रमांकाच्या नौकेतून आपलाच विक्रम वाढवून ताशी १७८.४९७ मैलांवर नेला.

नाव न छापलेली माणसे

येथे आम्हाला आणखी एका गटाची आठवण करून द्यायची आहे. एल्मर लिनेनश्मिट, माइक वेल्श आणि त्यांच्यासारखे आणखी काही जण नौकेची इंजिने सांभाळत. दिवसा आपली नोकरी करायची आणि संध्याकाळी व सुट्टीत नौकेवर राबायचे, असा त्यांच्यातील बहुतेकांचा क्रम होता.

त्यांचे काम काय असे, ते पाहा. या इंजिनाच्या प्रत्येक सिलिंडरला दोन ठिणगी-प्लग, म्हणजे एकूण चोवीस. विमानात जे इंजिन एका ठरावीक ताकदीने चालवायचे, ते येथे त्याहून जास्त ताणले जाई. गोल्ड कपच्या त्या शर्यती तीन फेऱ्यांच्या असत, प्रत्येक फेरी तीस मैलांची. दोन फेऱ्यांच्या मधल्या थोड्या वेळात इंजिन तपासायचे, संशय आला तर अख्खे इंजिन उतरवून दुसरे चढवायचे. जोड ढिला राहिला तर चालकाच्या जिवावर बेतणार. १९५१ च्या सिअ‍ॅटलमधील शर्यतीत पोर्टलंड शहराची 'क्विकसिल्व्हर' ही नौका पाण्यात गेली आणि तिच्यातील चालक व मेकॅनिक असे दोघेही ठार झाले. तेव्हा या खेळात हलगर्जीपणाला जागा नव्हती.

चषक मालकाला मिळे, टाळ्या चालकाला मिळत. पाना-पक्कड धरणाऱ्यांची नावे शेवटच्या ओळीत आली तर आली. आपल्या कारखान्यांतही चित्र फारसे वेगळे नाही. दुकानाच्या पाटीवर मालकाचे नाव असते आणि ज्याच्या हातामुळे गिऱ्हाईक पुन्हा येते तो कारागीर आतल्या खोलीत बसलेला असतो.

वाद कोठे झाला?

नौका जिंकू लागल्यावर एक साधा प्रश्न विचारला जाऊ लागला: ही नौका बनवली कोणी?

लोकांच्या तोंडी नाव सेयर्स यांचे होते. नौका त्यांची, पैसा त्यांचा, विक्रमाच्या वेळी सुकाणूही त्यांच्या हाती. जोन्स यांचे म्हणणे असे की आकार आणि अर्ध्या पाण्यात फिरणाऱ्या पंख्याची कल्पना त्यांची. तीच काढून घेतली तर नौकेत उरते काय? जेन्सन यांच्या बाजूचे म्हणणे असे की कल्पना आणि बांधलेली नौका यांत मोठे अंतर असते. सांगाडा कसा ठेवायचा, कोणता भाग किती जाड, कोठे काय बदलायचे, हे बांधणाऱ्याने ठरवले. तेव्हा आराखड्याचे श्रेय एकट्या जोन्स यांना कसे द्यायचे?

हा वाद पैशाचा नव्हता, मानाचा होता. मानाच्या वादाला हिशेबाची वही कामी येत नाही. पैशाचा वाद असता तर बेरीज-वजाबाकी करून तोडगा निघाला असता. "कल्पना कोणाची" याची बेरीज कशी करणार? तिघांपैकी प्रत्येक जण आपापल्या जागी प्रामाणिक होता असे आम्हाला वाटते. चूक झाली ती एकच. काम सुरू करताना कोणाचा वाटा काय म्हणून ओळखला जाईल, हे ठरवलेच गेले नाही. नौका जिंकेल की बुडेल हेच ठाऊक नव्हते, तेथे मानाची वाटणी कोणाला सुचणार? आणि जिंकल्यानंतर ती वाटणी कोणाला मान्य होणार?

यशाला एक-दोन वर्षे होतात न होतात तोच जोन्स या मंडळीतून बाहेर पडले. आराखड्याचे श्रेय कोणाचे, हा वाद मात्र नौका शर्यतीतून गेल्यानंतरही अनेक वर्षे सिअ‍ॅटलमध्ये चघळला जात राहिला.

किंमत कोणी मोजली?

कल्पक माणूस बाहेर पडतो तेव्हा आपले डोके मागे ठेवून जात नाही. जोन्स यांनी दुसऱ्या मालकांसाठी नौका आखायला सुरुवात केली. सिअ‍ॅटलमधील 'थ्रिफ्टवे' या किराणा दुकानांच्या साखळीसाठी त्यांनी 'मिस थ्रिफ्टवे' ही नौका दिली. किराणा विकणाऱ्यांना शर्यतीची नौका कशाला, असे कोणी विचारील. कारण हे की नौकेच्या अंगावर दुकानाचे नाव होते आणि शर्यतीच्या दिवशी सारे शहर तिकडे डोळे लावून बसत असे.

१९५५ मध्ये सिअ‍ॅटलच्या गोल्ड कपमध्ये 'मिस थ्रिफ्टवे' सेयर्स यांच्या नौकेसमोर उभी राहिली. त्या वर्षी आधी चाचणीच्या वेळी 'स्लो-मो-शन ५' हवेत उलटी फिरून पुन्हा पाण्यावर आदळली आणि लू फेजॉल जबर जखमी झाले. शर्यतीत 'स्लो-मो-शन ४' च्या इंजिनाने शेवटच्या फेरीत दगा दिला. 'मिस थ्रिफ्टवे' ला आपणच जिंकलो असे वाटले. पण वेळेचा हिशेब लावला तेव्हा अवघ्या साडेचार सेकंदांच्या फरकाने चषक डेट्रॉइटच्या 'गेल ५' या नौकेकडे गेला. पाच वर्षे सिअ‍ॅटलला राहिलेला चषक एकाच शहरातल्या दोन नौका असूनही हातचा गेला.

हे सारे जोन्स यांच्या जाण्यामुळेच झाले, असे आम्ही म्हणणार नाही. शर्यतीत इंजिन फुटते, वारा फिरतो, नशीबही असते. पण जो माणूस आपल्या बाजूला होता तो समोरच्या बाजूला गेला होता, ही गोष्ट खरी.

१९५६ मध्ये 'स्लो-मो-शन ४' डेट्रॉइटला नेली. शर्यतीआधी ती दुसऱ्या नौकेच्या लाटेवर आदळून मोडली आणि चालक जो टॅगार्ट यांना गंभीर दुखापत झाली. त्या वर्षीचा चषक जोन्स यांच्या आराखड्याच्या 'मिस थ्रिफ्टवे' ने जिंकला. त्यानंतर थोड्याच दिवसांत, सप्टेंबर १९५६ मध्ये, सेयर्स यांचे हृदयविकाराने निधन झाले. पुढच्या वर्षी १९५७ मध्येही चषक 'मिस थ्रिफ्टवे' चाच, १९५८ मध्ये 'हवाई काई ३' चा, १९५९ मध्ये 'मॅव्हरिक' चा. या नौकाही जोन्स यांच्याच हातच्या.

मोडलेली 'स्लो-मो-शन ४' दुरुस्त करून सिअ‍ॅटलच्या इतिहास व उद्योग संग्रहालयाला दिली गेली. लेक वॉशिंग्टनच्या काठी शर्यतीच्या नौका जेथे उतरवतात त्या उद्यानाला सेयर्स यांचे नाव दिले आहे.

एका गावाची नौका

याच खेळातले एक दुसरे उदाहरणही येथे पाहण्यासारखे आहे. अमेरिकेच्या इंडियाना राज्यात ओहायो नदीच्या काठी मॅडिसन नावाचे लहान गाव आहे. १९६० च्या सुमारास एका श्रीमंत नौकामालकाने आपली जुनी नौका या गावाला देऊन टाकली. गावाने तिला 'मिस मॅडिसन' असे नाव दिले आणि मालकी कोणा एकाकडे न ठेवता गावाकडेच ठेवली. पहिली नौका १९६३ मध्ये अपघातात गेली, तेव्हा त्याच मालकाची आधीची दुसरी नौका घेतली.

मोठ्या मालकांच्या मानाने मॅडिसनजवळ पैसा थोडा होता. नौका जुनी, इंजिने जुन्या अ‍ॅलिसनची, काम करणारे बहुतेक गावातलेच हौशी मेकॅनिक. १९७१ मध्ये गोल्ड कप भरवण्याचा मान या गावाला मिळाला आणि ४ जुलै रोजी, आपल्याच गावकऱ्यांसमोर, दहा वर्षांहून जुनी 'मिस मॅडिसन' जिम मॅककॉर्मिक यांच्या हाताखाली चषक जिंकून गेली.

येथे "नौका कोणाची" हा प्रश्न निघण्याला वावच नव्हता. उत्तर नौकेच्या अंगावरच रंगवलेले होते. चालक बदलले, मेकॅनिक बदलले, नौकाही बदलल्या, तरी पुढची अनेक दशके संघ टिकला. आमच्या मते पैशापेक्षा या स्पष्टपणाचा त्यात मोठा वाटा आहे.

आपल्यासाठी धडा

आता आपल्या बाजाराकडे वळू. समजा, फर्निचरचा एक कारखाना आहे. एकाने जागा आणि पैसा दिला. दुसऱ्याने नव्या पद्धतीची घडीची खुर्ची सुचवली. तिसऱ्याने ती करून दाखवली आणि करताना चार ठिकाणी सुधारली. खुर्ची खपली. आता ती खुर्ची कोणाची? दुसरा भागीदार बाहेर पडून समोरच्याच गल्लीत तशीच खुर्ची बनवू लागला, तर त्याला अडवता येईल काय? असे प्रश्न भांडण झाल्यावर विचारले जातात. ते आधी विचारले पाहिजेत.

आपल्या देशात यासाठी १९३२ चा भागीदारी कायदा आहे. त्यातील काही गोष्टी प्रत्येक व्यापाऱ्याला आणि विशेषतः प्रत्येक कारागिराला ठाऊक असाव्यात.

पहिली गोष्ट, काही लिहिले नसेल तर नफा-तोटा सर्व भागीदारांत समान वाटला जातो. कोणी जास्त पैसा घातला वा कोणी जास्त राबला, याने त्यात फरक पडत नाही.

दुसरी गोष्ट, करारात नसेल तर भागीदाराला धंद्यातील कामाबद्दल वेगळा मेहनताना मागता येत नाही. दिवसभर रंधा मारणारा भागीदार आणि संध्याकाळी येऊन गल्ला पाहणारा भागीदार कायद्याच्या नजरेत सारखेच. तेव्हा हाताने काम करणाऱ्या भागीदाराने आपला मेहनताना लिहूनच घ्यावा.

तिसरी गोष्ट, बाहेर पडलेल्या भागीदाराला तसाच धंदा करण्याची आणि त्याची जाहिरात करण्याची सर्वसाधारणपणे मोकळीक आहे. मात्र उलट करार नसेल तर त्याला जुन्या पेढीचे नाव वापरता येत नाही, आपण त्याच पेढीचे म्हणून सांगता येत नाही आणि तिच्या गिऱ्हाइकांना आपल्याकडे ओढता येत नाही. ठरावीक काळ व ठरावीक भागात तसा धंदा करणार नाही, अशी अट हवी असेल तर ती वाजवी असली पाहिजे आणि करारात लिहिली पाहिजे.

चौथी गोष्ट, पेढीची नोंदणी नसेल तर करारावर बोट ठेवून कोर्टात हक्क मागणे अवघड होऊन बसते. नोंदणी सक्तीची नाही म्हणून अनेक जण ती टाळतात आणि नंतर पस्तावतात.

पाचवी गोष्ट मालाच्या आकाराची. वस्तूचा नवा आकार, नक्षी किंवा घडण यांची नोंदणी २००० च्या डिझाइन कायद्याखाली करता येते. तिचे संरक्षण दहा वर्षांचे असते आणि ते आणखी पाच वर्षे वाढवता येते. नोंदणी करायची ती माल बाजारात आणण्यापूर्वी. नोंद कोणाच्या नावावर, हेही आधी ठरवावे.

कायदा येथे थांबतो. पुढचे आपल्या हातात आहे. सेयर्स, जोन्स आणि जेन्सन यांच्यात जे बोलले गेले नाही ते आपण बोलून घ्यावे. पाटीवर कोणाचे नाव राहील? नवी कल्पना कोणाची म्हणून सांगितली जाईल, आणि ती करून दाखवणाऱ्याचा उल्लेख कसा होईल? मोठ्या गिऱ्हाइकाशी बोलताना कारागीर समोर असेल की आतच राहील? रोजंदारीवरच्या ज्या हातांनी काम उभे केले त्यांना यशात काय मिळेल?

देवाणघेवाण लिहून ठेवावी, साक्षीदार ठेवावेत, ही शिकवण आपल्या घरांतून लहानपणापासून ऐकलेली असते. तरीही "भावाभावांत कागद कशाला" म्हणून आपण ती बाजूला ठेवतो. आम्ही म्हणतो, भाऊ आहे म्हणूनच कागद करा. परक्याशी भांडण झाले तर एक व्यवहार जातो. भावाशी झाले तर घर दुभंगते. कागद केल्याने अविश्वास दिसत नाही. उद्या दोघांचीही आठवण वेगळी झाली तर खरे काय ते सांगणारा तोच एक तिऱ्हाईत असतो.

मालक असलेल्या वाचकांना आमची आणखी एक विनंती आहे. मान देण्याला पैसा लागत नाही. गिऱ्हाइकाने माल वाखाणला तर "हे आमच्या अमुक मिस्त्रींचे काम" असे चारचौघांत म्हणा. कारागीर पगार कमी असल्याने जेवढे जातात, तेवढेच आपले नाव कोणी घेत नाही म्हणूनही जातात. आणि कारागीर वाचकांनी हे ध्यानात ठेवावे की भांडवल घालणाऱ्याने जोखीम घेतलेली असते. त्याच्याशिवाय जोन्स यांची कल्पना त्यांच्या डोक्यातच राहिली असती.

सिअ‍ॅटलच्या त्या संग्रहालयात 'स्लो-मो-शन ४' आज छताला टांगून ठेवलेली आहे. तिच्या लाकडात तिघांचीही मेहनत आहे आणि ती वेगवेगळी काढून दाखवता येत नाही. चांगल्या मालाचे असेच असते. म्हणून माल बनल्यावर वाटणी करायला बसू नये, बनण्यापूर्वीच बसावे. ज्यांचे काम या महिन्यात सुरू होणार आहे त्यांनी एक कोरा कागद घेऊन भागीदारांसह संध्याकाळी एकत्र बसावे, एवढेच आमचे सांगणे आहे.